पाच घरांचा थांबा

१

रेघबाईने पायी फिरण्याचा आराखडा नेहमीसारखा शेवटाकडून करायला घेतला. आधी परतीची गाडी बघायची. ती किती वाजता सुटते, स्टेशनात त्याआधी किती वेळ पोचायचं, त्याआधी किती तास चालायचं, मधे डबा कुठे खायचा, असं मागे मागे येत सकाळी किती वाजता उठायचं इथपर्यंत यायचं. सकाळपासून मोजत जाणारी माणसं संध्याकाळी हमखास रस्त्यात सापडतात, असं तिचं मत होतं. तिची मतं खोडायला गेलेला माणूस सहसा हात टेकूनच परत येई.

रेघबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं तिने नकाशांच्या कचेरीत ट्रेसरचं काम केलं. पारदर्शक कापडावर शाईने रेघा ओढायच्या, दिवसभर. पट्टी न लावता ती सरळ रेघ मारायची म्हणून कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते तिला चिकटलं. आता तिला एकसष्ट पूर्ण झाली होती, नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि डावा गुडघा संपावर जायच्या बेतात होता.

गेल्या महिन्यात ती न्हाणीघरात पडली. दोन तास फरशीवर होती. तेव्हापासून लेकीने घोशा लावला होता, "आई, आता एकटीने राहणं बास. आमच्याकडे ये." खोली तयार होती, पलंगाशेजारी धरायला दांडा बसवला होता, संडासातही दांडा बसवला होता. तो दांडा बघून रेघबाईच्या मस्तकात तिडीक गेली. तिने तिथल्या तिथे पैज लावली. पाच दिवस, पासष्ट किलोमीटर, गावोगाव पायी, एकटीने, कोणालाही मदतीला न बोलावता. जमलं तर घराचा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर घराची किल्ली ती स्वतःच्या हाताने लेकीच्या हातात ठेवणार.

लेक लगेच हो म्हणाली. जमणार नाही याची तिला खात्री होती, हे त्या पटकन आलेल्या हो मधून रेघबाईला बरोबर कळलं, आणि ती आणखीच इरेला पेटली.

बेत सोपा होता. डोंगराच्या कडेकडेने एक जुनी, एकेरी रेल्वे जाते. दिवसातून चार पॅसेंजर गाड्या. फाट्याच्या स्टेशनाजवळ पाच रात्रींसाठी एक खोली घ्यायची. रोज सकाळी गाडीने काल जिथे थांबलो तिथे जायचं, दिवसभर पुढच्या स्टेशनापर्यंत चालायचं, आणि तिथून संध्याकाळच्या गाडीने खोलीवर परत. पाठीवर ओझं नाही, नवी खोली शोधायची कटकट नाही. गुडघ्याला झेपतील असे तेरा-चौदा किलोमीटरचे टप्पे.

घोडं अडलं ते तिसऱ्या दिवशी. पाणचक्कीच्या गावापासून दगडखाणीच्या गावापर्यंत मधे एकही स्टेशन नव्हतं. तिने नकाशावर ओला दोरा वाटेच्या वळणांवरून बसवला आणि पट्टीवर मोजला. चोवीस किलोमीटर. दोन वेळा मोजला, चोवीसच.

मग तिने चष्मा पुसला आणि या वर्षीचं छापील वेळापत्रक पुन्हा उघडलं. पाणचक्की आणि दगडखाण यांच्या मधे, बारीक अक्षरात, एक थांबा होता. पाचघरे. सकाळी ९.१०, दुपारी ४.१२.

रेघबाई दोन मिनिटं त्या ओळीकडे नुसती बघत बसली. कारण पाचघरे नावाचं गाव जगात नव्हतं. ते तिने स्वतः, आपल्या हाताने, बत्तीस वर्षांपूर्वी, एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या आधी काढलं होतं.

२

ही त्या कचेरीची जुनी रीत होती. नकाशे चोरीला जात. म्हणजे कागद नव्हे, काम. इथे माणसं वर्ष-वर्ष खपून नकाशा करायची आणि बाहेरचा कोणीतरी तो जसाच्या तसा उतरवून स्वतःच्या नावाने विकायचा. म्हणून प्रत्येक नकाशात एक खोट ठेवायची. नसलेला ओढा, नसलेली टेकडी, नसलेली वस्ती. कोणाच्या नकाशात तीच वस्ती दिसली, की चोर सापडला.

खोट काढायचा मान ट्रेसरचा. पण त्याला एक नियम होता, आणि तो पहिल्या दिवशी तोंडपाठ करून घेत. खोट्या गावाला वाट जोडायची नाही. गाव माळावर एकटं ठेवायचं. कारण नकाशा बघून उद्या कोणी खराखुरा माणूस चालत निघाला, तर त्याचे पाय तिकडे जाता कामा नयेत.

रेघबाईने पाच छोटे चौकोन काढले, तांदळाच्या दाण्याएवढे. विहिरीचं एक वर्तुळ. आणि मग बोलण्याच्या नादात, हात चालू होता म्हणून, पाणचक्कीकडून येणारी तुटक पायवाट तिने नेऊन त्या चौकोनांना भिडवली. एवढंच नाही, बाजूने रुळांची रेघ जात होती, तिच्यावर थांब्याची आडवी काडीही मारून टाकली. तपासणीत कोणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या लक्षात आलं ते घरी गेल्यावर, भांडी घासताना. दुसऱ्या दिवशी नकाशा छापायला गेलेला होता. तिने कानाडोळा केला. अशा चुका होतात.

आता जेवणाच्या टेबलावर तीच जुनी छपाई पसरलेली होती. पाच चौकोन, एक वर्तुळ, तुटक वाट. इतक्या वर्षांत तिने त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं.

"चोरले रे चोरले," ती मोठ्याने म्हणाली आणि हसली. रेल्वेवाल्यांनी तिचा नकाशा उतरवला होता, खोटीसकट. याहून सरळ खुलासा असूच शकत नव्हता. तिला तर थोडा अभिमानही वाटला.

मग तिने सहज, वाटेत सोय होईल म्हणून, पाणचक्कीपासून पाचघऱ्यापर्यंत दोरा लावला. बारा किलोमीटर. बरोबर मधोमध. गुडघ्याला अगदी हवं तेवढं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ब्लेडमास्तरांना फोन लावला. कचेरीतली तपासणी त्यांच्याकडे असे. चुकलेली रेघ दाढीच्या ब्लेडने इतक्या हलक्या हाताने खरवडायचे, की कापडाला कळतही नसे. आता ते चौऱ्याऐंशीचे होते आणि फोनवर ओरडून बोलत.

"अहो, खूश व्हा!" ते म्हणाले. "आपली खोट पकडली गेली. या वयात काय आनंद उरलेत दुसरे?"

"मास्तर, पण वेळापत्रक या वर्षीचं आहे."

"बरं मग?"

"त्यांनी माझी बत्तीस वर्षांपूर्वीची छपाई कुठून आणली असेल?"

मास्तर एकदम हळू बोलले, न ओरडता. "थांबा हं. ते गाव मी काढून टाकलं होतं. दोन वर्षांनी नवी छपाई निघाली तेव्हा. मीच खरवडलं. तुमची वाट जोडलेली दिसली म्हणून."

"तुम्ही बोलला नाहीत कधी."

"काय बोलायचं? नोकरी गेली असती तुमची. गुपचूप पुसलं. नंतरच्या एकाही छपाईत ते नाही." मग ते म्हणाले, "तुम्ही जाताय का तिकडे?"

"तिसऱ्या दिवशी. मधला थांबा म्हणून."

"नका जाऊ."

"का?"

"का ते मला सांगता येत नाही. खोटं असेल ते कागदावर राहिलेलं बरं. दुसरी वाट नाही का?"

"नाही. चोवीस किलोमीटर एका दिवसात मी चालू शकत नाही. आणि टप्पा गाळला तर पैज हरले."

"हरा की मग! पैजच ती!"

"मास्तर," रेघबाई म्हणाली, "मला त्या खोलीतला दांडा धरून मरायचं नाही." आणि तिने फोन ठेवला.

मग तिने स्टेशनच्या चौकशीला फोन केला. खिडकीवरचा माणूस कंटाळलेला होता.

"पाचघऱ्याला गाडी खरंच थांबते का हो?"

"थांबते की."

"कोण चढतं तिथे?"

"चढत कोणी नाही."

"मग उतरतं?"

"उतरतही नाही कोणी. वेळापत्रकात आहे म्हणून थांबते. एक मिनिट थांबते आणि निघते." तो जांभई देत बोलत होता. "का, तुम्हाला उतरायचंय?"

"नाही. चढायचंय."

जांभई अर्ध्यात राहिली. "बरं," तो म्हणाला.

४

रविवारी लेक आली. टेबलावरचे कागद, दोऱ्याचं रीळ, टोक काढलेल्या पेन्सिली बघून तिचा चेहरा थोडा मऊ झाला. लहानपणी शाळेतून आल्यावर ती आईच्या कचेरीत बसून राहायची, तिला हा सगळा पसारा ओळखीचा होता.

"आई, खरंच जाणारेस?"

"म्हणजे? मी काय गंमत म्हणून टोकं काढत बसलेय?"

"मध्येच गुडघा धरला तर?"

"बसेन. गुडघा सुटला की उठेन."

"आणि नाही सुटला तर? आई, त्या दिवशी तू दोन तास पडून होतीस. दोन तास! मला फोन लागत नव्हता म्हणून मी आले. नाहीतर?" तिचे डोळे भरून आले. "मी तुला कोंडायला नाही नेत गं. या घरात तू एकटी असतेस हे मला सहन होत नाही. रात्री मला झोप लागत नाही."

रेघबाईला गलबलून आलं. पोरगी काही खोटं बोलत नव्हती. पण गलबलणं वेगळं आणि किल्ली देणं वेगळं. "पाच दिवस झोप नाही लागली तर चालेल तुला," ती म्हणाली. "मग पुढे रोज लागेल. कोण जिंकतं ते तरी ठरेल."

पाचघरे मुळात खोट आहे, याबद्दल तिने लेकीला ताकास तूर लागू दिली नाही.

लेक दोऱ्याशी चाळा करत होती. तिने तो ओला केला आणि पाणचक्कीपासून पाचघऱ्यापर्यंत नीट बसवला, अगदी आईने शिकवलं होतं तसा. पट्टी लावली. "दहा किलोमीटर. एवढंच?"

"बारा."

"दहा आहे आई, बघ."

रेघबाईने बघितलं. दहा होतं. लेक गेल्यावर तिने नवा दोरा तोडला, तो ओला केला, बसवला, मोजला. साडेनऊ. कागद दमट हवेने आकसतो, हे तिला ट्रेसर म्हणून पक्कं ठाऊक होतं. पण आकसला तर सगळा आकसेल. बाकीचे चार टप्पे तिने मोजले, ते जिथल्या तिथे होते.

फक्त ते गाव जवळ येत होतं.

मग तिचं डोकं फिरलं. आपणच काढलेले पाच चौकोन आपल्यालाच भिववणार? "या," ती नकाशाला म्हणाली, "याच तुम्ही. माझीच वाट आहे, बघते मी." आणि तिने पिशवीत पेन्सिलींचा डबा टाकला, त्यात टोकं काढायचं ब्लेड होतंच.

५

पहिले दोन दिवस छान गेले. दोन्ही दिवशी संध्याकाळी तिने लेकीला दोनच शब्दांचा निरोप पाठवला: पोचले खोलीवर.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पाणचक्कीच्या स्टेशनात उतरली आणि गावाबाहेरच्या बांधावरून चालू लागली. नऊ वाजले होते, लख्ख ऊन होतं. तासाभराने खरी पायवाट संपली आणि दुसरी सुरू झाली.

ती कुठे सुरू झाली ते तिला अचूक कळलं. ही वाट तुटक होती. दहा पावलं मळलेली माती, मग दहा पावलं गवत, कोणी कधी पाय न ठेवलेलं. मग पुन्हा दहा पावलं माती. दोन्ही कडा सरळ कापलेल्या, रुंदी सगळीकडे सारखी. नकाशावर पायवाट अशीच दाखवतात, तुटक रेघेने. वळणांवर हात जरासा उचलायची तिची सवय होती, आणि प्रत्येक वळणावर माती किंचित फिकी होत होती.

इथूनच काढता पाय घ्यावा, असं तिच्या मनात आलं. मागे वळायचं, पाणचक्कीला जायचं, लेकीला फोन करायचा. खोली तयार आहे. दांडा बसवलेला आहे.

तिने दांड्याचा विचार केला आणि पुढचं पाऊल टाकलं. गवतातून चालताना तिला भीती कमी वाटत होती, मातीवर आली की वाढत होती, म्हणून मातीवरची दहा पावलं ती भरभर टाकत गेली.

बारा किलोमीटर म्हणजे तिच्या चालीने चार तास. दोन तास झाले नाहीत तोच समोर पाचघरे आलं. गाडीला अजून पाच तास होते.

६

माळावर पाच घरं होती. दगडाची, करड्या रंगाची, सारख्या मापाची. मधे गोल विहीर. पलीकडे रूळ आणि एक आखूड फलाट. झाड नाही, कुत्रं नाही, कपडे वाळत घातलेले नाहीत. कसलाही वास नव्हता, आणि हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

ती पहिल्या घराभोवती फिरली. चार भिंती पूर्ण फिरून पुन्हा होती तिथे आली. दार नव्हतं. खिडकीही नव्हती. दुसरं घर, तेच. तिसरं, तेच.

असणार कसं? तिने चौकोन काढले होते. बंद चौकोन. एवढ्या लहान घराला दार कोण दाखवतं?

ती विहिरीच्या कठड्यावर टेकली आणि डबा उघडला. हे तिने मुद्दाम केलं. घाबरलेलं माणूस डबा खात नाही, तेव्हा आपण खायचा. दुसरा घास तोंडात असताना तिला तो आवाज ऐकू आला.

टक टक. मग शांतता. मग टक टक.

पहिल्या घराच्या आतून कोणीतरी भिंतीवर वाजवत होतं. घाई नव्हती, आकांत नव्हता. उघडतील उघडतील म्हणून रोज वाजवायची सवय लागलेल्या माणसाचं वाजवणं होतं ते. मग तिसऱ्या घरातून. मग पाचही घरांतून, आपापल्या वेळेला.

हवेने दगड सरकत असेल. उन्हाने तापलेल्या भिंती वाजतात. विहिरीच्या पाण्याचा आवाज असेल. रेघबाईने हे तिन्ही खुलासे मनात मांडले आणि तिन्ही एकेक करून बाजूला ठेवले. तिच्या दातांना घास चावता येईना.

ती उठली, पहिल्या घरापाशी गेली आणि भिंतीवर हात ठेवला. "कोण आहे?" तिने विचारलं. आवाज चिरका आला, म्हणून तिने खाकरून पुन्हा, जोरात विचारलं. "कोण आहे आत? मी आहे."

पाचही घरांतलं वाजवणं एकदम थांबलं.

ती वाट बघत राहिली. मग अगदी तिच्या तळव्याच्या मागे, भिंतीच्या त्या बाजूने, कोणीतरी आपला हात ठेवला. दगडातून तो जाणवायचं काही कारण नव्हतं. पण तो ठेवला, आणि तसाच ठेवला.

ओरडून पळत सुटावं असं तिला वाटलं. पळून जायचं कुठे? तिची वाट इथे येऊन संपत होती, पुढे तिने काढलीच नव्हती. तिने नकाशा कठड्यावर पसरला आणि पेन्सिलींच्या डब्यातून ब्लेड काढलं. पाच चौकोन खरवडायला पाच मिनिटं. मास्तरांनी केलं तसं. मग वाजवणं बंद, हात बंद, थांबाही बंद. ती एका मोकळ्या माळावर उभी असेल, शहाणी, आणि हरलेली.

ब्लेड पहिल्या चौकोनावर टेकलं, तेव्हा घरातून पुन्हा टक टक झालं. हळू. विनवल्यासारखं.

आणि रेघबाईला राग आला. स्वतःचा. मास्तरांचा. चौतीस वर्षांच्या त्या सगळ्या कचेरीचा. चोर पकडायला घरं बांधली, आणि बांधून झाल्यावर पुसून टाकली, आत कोणी असेल असं एकालाही वाटलं नाही. बत्तीस वर्षं हे वाजवतायत. आपल्याला दोन तास फरशीवर पडून राहावं लागलं तर जीव नकोसा झाला होता. दोन तास!

"पुसणार नाही," ती म्हणाली. "गप्प बसा जरा. हात हलेल माझा."

आराखड्यात दार म्हणजे काय असतं? भिंतीच्या रेघेतली एक मोकळी जागा. तिने श्वास धरला आणि पहिल्या चौकोनाची समोरची रेघ, केसभर, ब्लेडच्या कोपऱ्याने खरवडली. कागदावर पांढरा ठिपका उमटला. दुसरा चौकोन. तिसरा. घाम डोळ्यांत जात होता. चौथा. पाचव्याला ब्लेड लावलं तेव्हा मागे, पहिल्या घराच्या बाजूला, मातीवर काहीतरी हललं.

तिने पाचवं दार पुरं केलं. मग ब्लेड पुसून डब्यात ठेवलं, नकाशाची घडी घातली आणि मागे न बघता फलाटावर जाऊन बसली. चार तास. मागे उभं राहिल्याचे आवाज आले, वाट बघितल्याचे आवाज आले. बोलण्याचा एकही नाही.

४.१२ ला गाडी आली. डबा रिकामा होता. ती चढली आणि खिडकीशी तोंड करून बसली. एक मिनिट झालं, दोन झाली. मागच्या डब्यातला गार्ड हिरवा झेंडा घेऊन डोकावला, तिच्या डब्याच्या दाराकडे पाहत राहिला आणि झेंडा खाली घेतला. त्याने तोंडावर हात ठेवला होता. बऱ्याच वेळाने झेंडा वर गेला.

गाडी वळणावर कलली तेव्हा समोरच्या बाकाच्या पाठीवर आधारासाठी एक हात आला. तिला फक्त तो हात दिसला. पाचही बोटं सारख्या लांबीची, सरळ, एकाच जाडीची. तिने डोळे मिटून घेतले. घरं काढली होती तिने. माणसं काढली नव्हती. म्हणजे चेहरे तर नव्हतेच.

७

चौथ्या दिवशी सकाळी खोलीची मालकीण चहा घेऊन आली, कप बशीत वाजत होता. "बाई, तुमची माणसं आत का येत नाहीत? केव्हाची अंगणात उभी आहेत."

"त्यांना दाराची सवय नाही," रेघबाई म्हणाली. "होईल हळूहळू."

बाहेर जाताना मालकीण भिंतीला घासून गेली.

त्या दिवशी रेघबाई पाचघऱ्यापासून दगडखाणीपर्यंत चालली, माळावरून, वाट नसताना. मागून दहा पावलं ऐकू येत, मग काहीच नाही, मग पुन्हा दहा पावलं. गुडघा सुजला होता. दुपारी एका दगडावर बसून तिने फोन काढला, लेकीचा नंबर समोर आला. एक फोन केला की ती गाडी घेऊन येईल, आणि हे सगळं मागे टाकून निघून जाता येईल. मागची पावलं थांबून राहिली होती, ती बसली म्हणून. घाई करत नव्हती. एवढी वर्षं थांबलेली, आणखी थोडी थांबतील.

तिने फोन आत टाकला. "चला," ती म्हणाली आणि उठली. पाचव्या दिवशी शेवटचे चौदा किलोमीटर तिने लंगडत काढले आणि दुपारच्या गाडीने घरी परतली.

लेक फलाटावर आली होती. आई उतरताना दिसली तशी ती धावली, आणि अर्ध्यावरच हसली, रडली, दोन्ही एकदम. "केलंस! आई, खरंच केलंस तू! हरले मी, बाई. घर तुझं. पुन्हा विषय काढणार नाही."

"शब्द दे."

"दिला." तिने आईला मिठी मारली. मिठीतच तिचं अंग कडक झालं. आईच्या खांद्यावरून ती डब्याच्या दाराकडे बघत होती. तिची नजर डावीकडून उजवीकडे सरकली, थांबत थांबत, पाच वेळा. मग काहीतरी नजरेतून सुटलं असावं तशी ती पुन्हा डावीकडून सुरू झाली.

"आई," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "ही बघतात कुठून?"

"मला विचारू नकोस. मी मागे वळून बघितलेलं नाही."

"कोण आहेत ही?"

"माझी आहेत. माझ्या हातची चूक आहे, मीच सांभाळणार." रेघबाईने पिशवीतून किल्ली काढली. "एकटी असतेस, एकटी असतेस म्हणून जीव खाल्लास ना माझा? झोप लागत नव्हती ना तुला? झोप आता. आणि ही घे किल्ली, तू हो पुढे."

"किल्ली कशाला? घर तर तुझंच..."

"माझंच आहे. तू फक्त दार उघड आणि पूर्ण उघडून धर. आम्ही सगळी आत जाईपर्यंत सोडू नकोस."